धाकटी आणि न निघणारं स्टिअरिंग

सोमवार, ३

आज तपासणीच्या मैदानात आमची व्हॅन नापास झाली. ब्रेक पास, दिवे पास, टायर काठावर पास आणि नापास कशात, तर स्टिअरिंगच्या चाकात. त्याला दोन ठिकाणी आरपार तडे गेलेत आणि त्यांच्यावर मामंजींनी कधीकाळी गुंडाळलेली चिकटपट्टी आहे. तपासनिसाने पट्टीवरून बोट फिरवत विचारलं, जखम झाली होती का. धाकटी म्हणाली, हो, बरी होतेय. तो हसला आणि हसत हसतच त्याने कागदावर फुली मारली. हसणाऱ्या माणसांचा मला उगाच संशय येत नाही.

वही नवी आहे, तेव्हा तिला ओळख करून द्यायला हवी. आम्ही दोघी जावा. मी थोरली, शाळेच्या कचेरीत तीस वर्षं दाखले लिहून निवृत्त. माझे हे चार वर्षांपूर्वी गेले. धाकटीचा नवरा, म्हणजे माझा दीर, त्याच्याही आधी गेला, पण तो चालत गेला, बॅग घेऊन. मामंजी गेल्या वर्षी. मागे उरलं हे घर, मामंजींची व्हॅन आणि एकमेकींकडे बघत बसणाऱ्या आम्ही. म्हणून ठरवलं, धुलाई सुरू करू. यंत्रं आली, दोऱ्या बांधून झाल्या. वसतिगृहाच्या चादरींचं काम पंधरा तारखेपासून मिळणार आहे. पण त्यांची अट अशी की गाडीला पास झाल्याचा कागद हवा. व्हॅन चौदाला, शुक्रवारी, परत दाखवायची. तोवर चाक बदललं नाही तर चादरी दुसरीकडे आणि धुलाई सुरू व्हायच्या आधीच बंद.

यातच धाकटीच्या भावाचा फोन. त्याचं दुकान आहे. गल्ल्यावर घरचं माणूस हवंय, वर राहायला खोली आहे. सोळाला, रविवारी, तो टेम्पो घेऊन तिचं सामान न्यायला यायला तयार आहे. धाकटी त्याला म्हणाली, शुक्रवारी व्हॅनचं कळलं की सांगते. मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "जा की. तुझ्यावाचून इथे काय अडलंय?"

तिने कपबशा उचलल्या आणि आत गेली. उत्तर चांगलं होतं, झटकन सुचलं.

मंगळवार, ४

भंगारवाल्याकडून दुसरं चाक आणलं. धाकटीने तिथे उकिडवं बसून अकरा चाकं चाळली. प्रत्येकाच्या मधल्या भोकातले दाते मोजायची, मान हलवायची, बाजूला ठेवायची. भंगारवाला आधी जांभया देत होता, सातव्या चाकापासून तोही मोजायला बसला. हे दाते स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या दात्यांत बसतात म्हणे आणि ते एकानेही चुकून चालत नाहीत. गाडीचं पुस्तक तिने कालच वाचून ठेवलं होतं. मामंजींना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागायचं म्हणून ही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. तेव्हा मी म्हटलं होतं, तू शिकेपर्यंत मामंजी बरे होतील. सगळे हसले होते. मामंजी हसले नव्हते, हे आज का आठवलं कोण जाणे.

दुपारी जुनं चाक काढायला घेतलं. आधी बॅटरीची तार सोडली. मग हॉर्नचं बटण पातळ पट्टीने उचललं, खाली मोठा नट. तो सोडण्याआधी तिने नखांना लावायच्या रंगाची बाटली आणली आणि चाकाच्या मध्यापासून दांड्यापर्यंत एक लाल रेघ ओढली. नवं चाक याच रेघेवर बसवायचं, नाही तर गाडी सरळ जाईल आणि चाक वाकडं दिसेल. मग पाना लावून नट सैल केला, पण शेवटच्या दोन आट्यांवर तसाच ठेवला. मी म्हटलं, सोडायचाय तर पुरता सोड, अर्धवट सोडून जाणं ही या घरातल्या धाकट्यांची खासियत. ती पान्याकडे बघत म्हणाली, "चाक एकदम सुटलं तर दातांवर येईल. नट अडवेल."

"दात तुझे," मी म्हटलं.

चाक मात्र सुटलं नाही. दोघींनी मिळून ओढलं. व्हॅन हलली, चाक जागेवर.

बुधवार, ५

नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गाडीला हात न लावता लांबूनच रोग सांगतो. खिशातून हात न काढता त्याने चाक खिडकीतून बघितलं आणि सांगितलं की गंजून एकजीव झालंय, चाक कापावं लागेल, कापताना दांडा जाईल, सगळा सांगाडा मागवावा लागेल, तीन आठवडे. धाकटीने विचारलं, चाक खेचून काढायचा पुलर आहे का. म्हणाला, होता, कोणी तरी नेला. जाता जाता माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, त्या बाईंना सांगू नका, पण नट काढून दांड्याच्या टोकावर दोन सणसणीत घाव घातले की निघतं कधी कधी.

"कधी कधी" हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही.

धाकटीने दांड्याभोवती गंज सोडवणारं तेल सोडलं आणि उद्या बघू म्हणाली. उद्या बघू हे वाक्य मी कचेरीत तीस वर्षं लोकांना ऐकवलं आहे. ते ऐकून घ्यायला कसं वाटतं, ते आज कळलं.

शुक्रवार, ७

रोज सकाळी तेल, रोज संध्याकाळी हलवणं. हलवण्याची तिची पद्धत बघण्यासारखी आहे. आसनावर बसते, दोन्ही गुडघे चाकाला मागून टेकवते. दहा वेळा उजवी बाजू स्वतःकडे ओढते, दहा वेळा डावी, मग थांबते. थांबून कान देते, जणू आत कोणी बोलणार आहे. जोर कुठेच दिसत नाही. मी ओढते तेव्हा माझा चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा फुगतात आणि काहीही होत नाही. तिच्याही हातून अजून काही झालेलं नाही, पण तिचं न होणंसुद्धा नीटनेटकं आहे.

आज मी पायरीवर बसून तासभर बघत होते. चहा गार झाला. उद्यापासून बघायचं नाही, वेळ जातो.

तिला बॅग लागेल म्हणून माळ्यावरची काढून पाहिली. चेन अडकते. हे तिला सांगायची काही घाई नाही.

शनिवार, ८

वहीशी खोटं बोलायचं नाही असं पहिल्या पानावर लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण लिहिलेलं नाही. तरी खरंच लिहिते.

धाकटी वसतिगृहात चादरींची मापं घ्यायला गेली होती. सहाच दिवस उरलेत. डॉक्टरचं बोलणं डोक्यात घोळत होतं. मी नट पुरता काढला आणि मामंजींचा मोठा हातोडा घेऊन दांड्याच्या टोकावर घाव घातले. दोन नाही, पाच. मोजले कारण प्रत्येक घावाला दात किटकिटत होते. चाक होतं तिथेच. दांड्याचं टोक मात्र पसरलं, वरचे आटे चेपले, आता नट जागेवर बसेना. नुसता वर ठेवला, त्यावर हॉर्नचं बटण दाबलं, हातोडा जागेवर टांगला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसले.

नट बसला नाही तर नवं चाकही बसणार नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे जे काम अडलं होतं ते मी बिघडवून ठेवलं. चाक निघालं नाही म्हणून ती गेली असती तर दोष गंजाचा होता. आता तसं म्हणता येणार नाही. अर्थात तिने जावं की राहावं हा तिचा प्रश्न. मी दमले आहे, लवकर आडवी होते.

रविवार, ९

सकाळी तिने बटण उचललं. मी पायरीवर उभी होते. नट हाताला आपोआप आला. तिने तो पाहिला, दांड्याचं टोक पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाली, "हवा बदलली ना, ताई. लोखंड फुलतं कधी कधी."

मला हे माहीत नव्हतं. शाळेत शिकवलं असेल, मी तेव्हा दाखले लिहीत असेन. जीव भांड्यात पडला.

तिने तीन धारांची बारीक कानस काढली आणि चेपलेला एकेक आटा घासायला बसली. दुपारभर. चार वेळा कानस पुढे, एकदा फुंकर, मग नखाने चाचपणं. चुकून जास्त घासला तर आटाच जाईल. शिवणाच्या सुईत दोरा ओवताना माणूस जसा श्वास धरतो, तसा ती दर वेळी धरत होती. मी पंखा आणून लावला. ती म्हणाली, भुसा उडतो, नको. मी पंखा परत नेला आणि मग पुठ्ठ्याने लांबून तिलाच वारा घातला, भुशाला कळू न देता.

सोमवार, १०

आजही कानस. चार वाजता नट दांड्यावर दोन आटे फिरला. तिने तो उतरवला, तेल लावलं, परत फिरवला. तीन आटे, मग पाच, मग सरसर. मी टाळी वाजवणार होते. म्हटलं, "एवढं लक्ष संसारात दिलं असतंस तर." तोंडातून निघून गेलं. तिचे हात थांबले, मग परत चालू लागले.

हे मी का म्हणते? समोर चांगलं काही दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते. कौतुक घशाशी येतं आणि बाहेर पडेपर्यंत त्याला काटे फुटतात.

हातोडा कुठे दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, शेजारच्यांनी मागून नेला. शेजारी कधी आले, मला कळलंही नाही.

मंगळवार, ११

आज कोडं सुटलं, म्हणजे तिने सोडवलं. सकाळी ती छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बसली आणि दांडा जिथे चाकात शिरतो तिथे उजेड पाडून बघत राहिली. मग मला हाक मारली. मी वाकले, चष्मा वर केला, खाली केला. दात्यांच्या फटीत केसाएवढी चकचकीत रेघ. गंज चकाकत नाही.

"पत्रा," ती म्हणाली. "मामंजी."

आणि मला खुर्चीच आणावी लागली बसायला, हसून. आमच्या मामंजींना डुगडुगणारं काही सहन व्हायचं नाही. टेबल हललं, की डब्याचा पत्रा कापून पायाखाली. दार वाजलं, की बिजागरीत पत्रा. माझ्या लग्नातल्या कपाटाखाली तीन. चाक कधी तरी किंचित सैल झालं असणार, तेव्हा मिस्त्रीकडे न जाता त्यांनी दात्यांत पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, वरून नट आवळला आणि पंधरा वर्षं निर्धास्त गाडी चालवली. हे या घराबाहेरच्या कुणाला सात जन्मांत सुचलं नसतं. डॉक्टरला गंज दिसला, मला हातोडा दिसला. हिला सासरा दिसला. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना जेवू घालणारी, औषध देणारी, दाढी करणारी हीच होती. मी हिशेबी चौकशी करायचे, आज ताप किती.

तिने विणकामाची बारीक सुई तापवून वाकवली, तिचा आकडा केला, पट्टीच्या कडेत अडकवला आणि चिमट्याने धरून काढायला लागली. पहिली पट्टी अर्ध्यात तुटली. दुसरी तुटली. तिने आकडा बदलला, जास्त वाकवला, तेल सोडलं, चहा प्यायली, परत बसली. संध्याकाळपर्यंत चार पट्ट्या बशीत पडल्या होत्या. एकीवर अजून डब्यावरच्या फुलाचा रंग होता. मी ती फेकायला घेतली, तिने बशी उचलून कपाटात ठेवली.

एक पट्टी खोलवर राहिली आहे. ती हाताने निघणार नाही.

बुधवार, १२

पुलर कुठेच मिळाला नाही. तेव्हा धाकटीने पुठ्ठ्यावर आकृती काढली, भोकांमधलं अंतर चाकावर कागद दाबून उमटवून घेतलं आणि लेथवाल्याकडे गेली. मीही गेले. लेथवाल्याने आकृती पाहून विचारलं, हे कोणी काढलं. मी म्हटलं, "आमच्या धाकट्या जाऊबाईंनी." जाऊबाई हा शब्द मी तिच्याबद्दल आजवर कुणासमोर वापरलेला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लेथकडे पाहिलं.

त्याने जाड पोलादी पट्टीला तीन भोकं पाडून दिली, मधल्या भोकाला आटे. उद्या सकाळी ती चाकाला लावायची.

गुरुवार, १३

निघालं.

पण तसं नको लिहायला, नीट लिहिते. पट्टी चाकाच्या मध्यावर आडवी धरायची. दोन कडेचे बोल्ट चाकाच्या लोखंडातल्या दोन भोकांत घट्ट. मधला बोल्ट दांड्याच्या टोकावर टेकवायचा आणि आवळत जायचं, म्हणजे दांडा तिथेच राहतो आणि चाक वर खेचलं जातं. तिने टोकावर तांब्याचा तुकडा ठेवला, आटे परत दुखावू नयेत म्हणून. दुखावू हा तिचाच शब्द. नट दोन आट्यांवर तसाच.

मला आसनावर बसवून चाक सरळ धरायला सांगितलं, ती दारातून पाना चालवत होती. पाव फेरा, मग थांबायचं. परत पाव फेरा. पोलाद कुरकुरायचं, ती पान्यावरचा हात उचलायची आणि वाट बघायची. मी म्हटलं, अजून थोडं आवळ. ती म्हणाली, "त्याला वेळ द्या." नवव्या की दहाव्या पाव फेऱ्यानंतर बोल्टवर पान्याने हलकेच टिचकी मारली.

फाड्कन आवाज झाला. चाक बोटभर माझ्या तोंडाकडे उडालं आणि नटाला धडकून थांबलं.

माझे वरचे पुढचे चारही दात जागेवर आहेत. मी ते जिभेने मोजले. मागच्या आठवड्यात "दात तुझे" म्हणणारी बाई तीच का मी, असा मला प्रश्न पडला. तिने मात्र आधी दांड्याच्या दात्यांवरून बोट फिरवलं, शेवटची पट्टी काढली आणि मगच गालातल्या गालात हसली. हात कोपरापर्यंत काळे, केसांत लोखंडाचा भुसा. या बाईला मी सतरा वर्षं मंद म्हणत आले. मंद नाही ती. घाई कशाला करायची नाही हे तिला कळतं, आणि एवढं कळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

नवं चाक लाल रेघेवर बसवलं. नट तिने आवळला, नंतर मला आवळायला लावला. हॉर्न वाजेना, तार उलटी लागली होती. मग वाजला. रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

तिने काळे हात धुतले आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

शुक्रवार, १४

तपासनीस तोच. चाक दोन्ही बाजूंना फिरवलं, ओढून पाहिलं, खालून दिवा मारला. मैदानात एक फेरी मारायला लावली. धाकटीने सरळ रेघेत गाडी नेली आणि चाक तिच्या हातांत सरळ, अगदी तोललेलं. त्याने विचारलं, काम कोणाचं. ती म्हणाली, आम्ही दोघींनी केलं. मी काय केलं ते मला ठाऊक होतं, म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने शिक्का मारला.

वसतिगृहात कागद दाखवला, उद्या सकाळी सातला पहिली गाठोडी. मग घराकडे निघालो. ती गाडी चालवत होती, मी शेजारी. शिक्क्याचा कागद माझ्या मांडीवर आणि मला तो बघून काहीच वाटत नव्हतं. गाडी पास झाली, चादरी मिळाल्या, आणि परवा टेम्पो येणार होता.

पहिल्या वळणावर म्हटलं, "शनिवारी दांड्यावर हातोडा मी मारला."

"माहीत आहे."

"कसं?"

"सगळे घाव डावीकडून पडले होते, ताई. घरात डावखुऱ्या तुम्हीच."

"मग ते लोखंड फुलणं?"

तिने गियर बदलला. तीस वर्षं मुख्याध्यापकांना शब्दांत पकडणारी मी, त्या फुलण्यावर पाच दिवस विश्वास ठेवून बसले होते.

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, थोडे दिवस बघून घ्यावं."

मग सिग्नल लागला. मी मनात वाक्य जुळवत होते. भावाच्या गल्ल्यावर बसून तुझे हात गंजतील, हा टोमणा झाला. माझं काय, मी कपडे हातानेही धुईन, हाही टोमणाच. तिसरं वाक्य जुळवलं, तर त्यालाही शेवटी शेपूट आलं. सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. तेव्हा घाईघाईत, बिनशेपटाचं, जसं होतं तसं बाहेर पडलं.

"राहशील का? तू गेलीस तर माझं अडेल."

तिने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून समोर बघत बसली. मला वाटलं, रडते की काय. मीही तयारी करत होते.

"भावाला आज फोन करते, येऊ नको म्हणून," ती म्हणाली. "पण एक अट आहे."

"बोल."

"दिवसाला एक टोमणा. जास्त नाही."

"दोन."

"एक."

"आणि रविवारी?"

"रविवारी सुट्टी."

"सुट्टी मला, की तुझ्या अकलेला?"

तिने आरशात मागचा रस्ता पाहिला, गियर टाकला, चाक अलगद वळवलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"हा आजचा झाला," ती म्हणाली.